मोटारगाडीचे घरगुती डिटेलिंग

मोटारगाडीचे घरगुती डिटेलिंग म्हणजे व्यावसायिक केंद्राची मदत न घेता, घराच्या आवारात मोटारगाडीची आतून व बाहेरून पद्धतशीर स्वच्छता करणे, रंगाच्या पृष्ठभागावरील दोष शक्य तेवढे कमी करणे आणि त्यावर संरक्षक लेप चढवणे होय. साध्या धुलाईने गाडीवरील धूळ व चिखल निघतो. डिटेलिंगमध्ये त्याखेरीज रंगात रुतलेले कण, क्षारांचे डाग, सूक्ष्म ओरखडे, काचा, चाके, रबरी व प्लॅस्टिकचे भाग आणि अंतर्भाग यांची स्वतंत्र निगा राखली जाते. 'डिटेलिंग' हा शब्द मराठीत जसाच्या तसा रूढ झाला असून 'बारकाईने केलेली निगा' असा त्याचा आशय आहे.

बाजारात या कामासाठी शेकडो उत्पादने उपलब्ध आहेत. त्यांची निवड नावावरून किंवा सुगंधावरून न करता गाडीच्या रंगाची रचना, परिसरातील धूळ, हवामान आणि उपलब्ध पाणी यांवरून करणे श्रेयस्कर ठरते. या लेखात नाशिक शहर व जिल्ह्यातील परिस्थितीच्या संदर्भात ही निवड स्पष्ट केली आहे.

पार्श्वभूमी

मोटारगाडीच्या सुरुवातीच्या काळात तिचा सांगाडा घोडागाडीप्रमाणे तेलमिश्रित रंग व व्हार्निश यांनी रंगवला जात असे. असा रंग पूर्ण वाळण्यास कित्येक दिवस, कधी आठवडेही लागत. १९२० च्या दशकात नायट्रोसेल्युलोजवर आधारित, फवाऱ्याने मारता येणारे व लवकर वाळणारे रंग आले. त्यांची झळाळी टिकवण्यासाठी वेळोवेळी पॉलिश व मेण लावणे आवश्यक असे. त्यामुळे लाकडी सामानाचे पॉलिश बनवणारे काही उद्योग या क्षेत्रात उतरले. अमेरिकेतील मेग्वायर्स ही १९०१ मध्ये फर्निचर पॉलिशपासून सुरू झालेली कंपनी त्यांपैकी एक होय.

१९८० च्या दशकापासून रंगाच्या थरावर पारदर्शक संरक्षक थर देण्याची पद्धत सर्वत्र पसरली. रंगात रुतलेले कण उचलणारी विशिष्ट चिकणमाती त्याच दशकाच्या अखेरीस जपानमध्ये प्रचारात आली. पुढे मायक्रोफायबर फडकी आणि सिलिका-आधारित सिरॅमिक लेप सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले.

भारतात अँबेसेडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या काळात पिवळे फडके, बादलीभर पाणी आणि डबीतील मेण एवढ्यावर गाडीची निगा राखली जाई. नाशिकचा मोटार उद्योगाशी जवळचा संबंध आहे. महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा सातपूर औद्योगिक वसाहतीतील कारखाना आणि तेथे तयार झालेली स्कॉर्पिओ ही गाडी यांमुळे शहराचे नाव या क्षेत्रात परिचित आहे.

रंगथराची रचना

आजच्या गाडीच्या पत्र्यावर सामान्यतः चार थर असतात. पत्र्याला गंजापासून वाचवणारा विद्युत-लेपनाचा थर सर्वांत खाली असतो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' म्हणून ओळखला जाणारा पारदर्शक थर असतो. चारही थरांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यांपैकी पारदर्शक थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरली, तर हा थर केसाहूनही पातळ ठरतो.

गाडीची चमक या पारदर्शक थराच्या सपाटपणावर अवलंबून असते. थर सपाट असेल तर प्रकाश एका दिशेने परावर्तित होतो आणि प्रतिबिंब स्पष्ट दिसते. त्यावर बारीक ओरखडे असतील तर प्रकाश विखुरतो व रंग फिकट, धुरकट भासतो. उन्हात किंवा दिव्याच्या झोताभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणारी वर्तुळे हे अशा ओरखड्यांचेच रूप होय.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्येही याच थरात असतात. पॉलिश करताना हा थर अंशतः झिजतो आणि झिजलेला भाग पुन्हा भरून येत नाही. थर संपल्यावर खालचा रंग उघडा पडून उडू लागतो आणि तेव्हा तो भाग नव्याने रंगवण्यावाचून उपाय उरत नाही. म्हणून ओरखडे काढण्यापेक्षा ते पडू न देणे हे डिटेलिंगचे मूलतत्त्व मानले जाते.

जुन्या गाड्यांमध्ये व काही साध्या रंगांमध्ये पारदर्शक थर नसतो. न दिसणाऱ्या जागी थोडे पॉलिश पांढऱ्या फडक्याने घासले असता फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर तो एकेरी रंग समजावा.

नाशिकमधील परिस्थिती

नाशिक जिल्हा दख्खनच्या पठारावर, काळ्या बेसॉल्ट खडकाच्या प्रदेशात वसलेला आहे. हिवाळा व उन्हाळ्यात कोरड्या हवेबरोबर मातीची व बांधकामांची धूळ गाडीवर बसते. या धुळीत खडकाचे टणक कण असतात. कोरड्या फडक्याने पुसल्यास हेच कण रंगावर घासले जाऊन ओरखडे पडतात.

पावसाळ्यात इगतपुरी, कसारा घाट व त्र्यंबकेश्वर या पश्चिमेकडील पट्ट्यात अतिशय जोराचा पाऊस पडतो. मुंबई-आग्रा महामार्गाने प्रवास करणाऱ्या गाड्यांच्या चाकांच्या कमानीत व खालच्या कडांवर चिखल साचतो, तसेच आतील मॅट व सीट ओलसर राहून बुरशी येते.

निफाड, दिंडोरी व परिसरात द्राक्षबागांचे मोठे क्षेत्र आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा रोगाच्या नियंत्रणासाठी बागांवर मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारले जाते. वाऱ्याबरोबर उडालेले तुषार बांधालगत उभ्या केलेल्या गाड्यांवर निळसर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने वाळतात. आंब्याच्या झाडाखाली मोहोराच्या काळात तुडतुड्यांनी सोडलेला गोड, चिकट द्रव गाडीवर पडतो व त्यावर पुढे काळी बुरशी वाढते.

सणांचाही येथे विचार करावा लागतो. विजयादशमीला वाहनाची पूजा करून बॉनेटवर हळदी-कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते. रंगपंचमीला जुन्या नाशकातील रहाडींचा रंग प्रसिद्ध असून त्या दिवशी रस्त्यावरील गाड्यांवरही रंग उडतो.

पाण्याचा विचार

डिटेलिंगमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ पाणी हाच आहे, तरी त्याच्या गुणधर्माकडे क्वचितच लक्ष दिले जाते. नाशिक महानगरपालिकेचा पाणीपुरवठा मुख्यतः गोदावरीवरील गंगापूर धरणातून होतो. धरणाचे पाणी तुलनेने मृदू असते. अनेक गृहसंकुलांत मात्र धुण्यासाठी कूपनलिकेचे पाणी वापरले जाते. बेसॉल्टमधून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक आढळतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत अनुज्ञेय आहे. पिण्यास चालणारे पाणीही गाडीवर वाळल्यास डाग पाडू शकते, हे यावरून लक्षात येते.

कठीण पाण्याचा थेंब उन्हात वाळला की पाणी उडून जाते व विरघळलेले क्षार पांढऱ्या कड्याच्या रूपाने मागे राहतात. ताजे कडे ओल्या फडक्याने निघते. दीर्घकाळ राहिलेले कडे मात्र पारदर्शक थरात खोलवर उमटते. यावर उपाय म्हणजे सावलीत धुणे, एकेक भाग धुऊन लगेच खळबळणे आणि पाणी वाळण्यापूर्वी टिपून घेणे. अखेरच्या खळबळणीसाठी छतावरून स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी उत्तम ठरते. घरगुती आरओ यंत्रातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्यात क्षार अधिक एकवटलेले असतात. त्यामुळे ते रंगाच्या भागासाठी वापरू नये. चाकांवरील चिखल भिजवण्यासाठी ते चालते.

उत्पादनांची निवड

शाम्पू : गाडीच्या शाम्पूचा सामू, म्हणजेच पीएच, ७ च्या आसपास असावा. तो पुरेसा निसरडा असणेही महत्त्वाचे असते, कारण त्यामुळे धुळीचे कण रंगावरून सरकून जातात. कपडे धुण्याची पावडर व धुण्याचा सोडा हे पदार्थ बरेच अल्कधर्मी असतात. ते मेणाचा लेप काढून टाकतात आणि रबर व उघड्या अॅल्युमिनियमलाही अपाय करतात. भांडी घासण्याचा द्रव तातडीच्या प्रसंगी एखाद्या वेळी चालतो, परंतु त्यात घाणीबरोबर संरक्षक लेपही उतरण्याचा संभव असतो.

फडकी व हातमोजा : धुण्यासाठी स्पंजापेक्षा लांब तंतूंचा मायक्रोफायबर हातमोजा योग्य असतो. स्पंजाच्या सपाट पृष्ठभागाखाली कण अडकतात, तर मोज्याच्या तंतूंत ते आत ओढले जातात. मायक्रोफायबरचे तंतू पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या मिश्रणाचे असतात आणि ८०:२० किंवा ७०:३० ही प्रमाणे प्रचलित आहेत. पाणी टिपण्यासाठी जाड, काचेसाठी पातळ व चाकांसाठी जुने फडके वेगळे ठेवावे. ही फडकी सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत, कारण सुताचे तंतू त्यांत अडकतात. कपडे मऊ करणारे द्रव व कडक पाणीही टाळावे. जमिनीवर पडलेले फडके न धुता पुन्हा रंगावर वापरणे हे ओरखड्यांचे नेहमीचे कारण आहे.

चिकणमाती : धुतल्यानंतर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून रंगावरून बोटे फिरवली असता खरखर जाणवली, तर रंगात कण रुतलेले आहेत असे समजते. असे कण डिटेलिंगच्या मातीने निघतात. मातीचा लहान गोळा चपटा करून, भरपूर वंगण-द्रव फवारून, दाब न देता सरळ रेषेत फिरवतात. मळलेला पृष्ठभाग आत दुमडून नवा भाग वर घेतात. माती जमिनीवर पडल्यास ती टाकून द्यावी. वर्षातून एक-दोन वेळा हा उपचार पुरेसा होतो.

लोहकण काढणारा द्रव : ब्रेकच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण चाकांच्या रिमवर व मागील बाजूस चिकटून गंजतात. थायोग्लायकोलेट या रसायनावर आधारित द्रव त्यांच्याशी संयोग पावून जांभळा होतो. याला उग्र वास असतो. चाके पूर्ण थंड असताना, हातमोजे घालून व मोकळ्या हवेत तो वापरावा. वाळण्यापूर्वी धुऊन टाकणे आवश्यक असते.

पॉलिश : पॉलिशमध्ये अतिशय बारीक अपघर्षक कण असतात. ते पारदर्शक थर किंचित झिजवून सपाट करतात. पॉलिश व मेण यांत गल्लत करू नये. पॉलिश थर कमी करते, तर मेण त्यावर लेप देते. घरगुती वापरासाठी दुहेरी गतीचे यंत्र सुरक्षित असते. केवळ गोल फिरणारे जुन्या पद्धतीचे यंत्र नवशिक्याच्या हाती एका जागी उष्णता निर्माण करून रंग जाळू शकते.

संरक्षक लेप : यांचे तीन प्रमुख प्रकार आहेत.

कार्नोबा मेण हे ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. त्याचा द्रवणांक ८० अंश सेल्सियसहून अधिक असून नैसर्गिक मेणांत ते अतिशय कठीण समजले जाते. लावण्यास ते सोपे असते. मात्र नाशिकच्या उन्हाळ्यात व पावसात ते साधारणतः एक ते तीन महिने टिकते.

कृत्रिम सीलंट बहुवारिकांपासून बनते व सामान्यतः चार ते सहा महिने टिकते. वर्षातून दोन वेळा वेळ काढू शकणाऱ्या गाडीमालकास हा मध्यम मार्ग सोयीचा पडतो.

सिरॅमिक लेपात सिलिकाची संयुगे असतात. योग्य रीतीने लावल्यास तो वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकतो. त्यासाठी पृष्ठभाग पूर्णपणे तेलविरहित, दोषमुक्त व थंड असावा लागतो आणि लावल्यानंतर किमान एक दिवस पाण्यापासून दूर ठेवावा लागतो. पावसाळ्यात उघड्या आवारात हे काम करू नये. अशा लेपांच्या जाहिरातीतील '९एच' हा आकडा पेन्सिलीच्या कठीणतेच्या चाचणीतील असतो. खनिजांच्या कठीणतेच्या मोज मापाशी त्याचा संबंध नाही. या लेपामुळे दगडाचा टवका किंवा किल्लीचा ओरखडा टळत नाही.

विरलीकरणाचे गणित

बरीच द्रव्ये संहत स्वरूपात मिळतात. बाटलीवरील १:१० या प्रमाणाचा अर्थ एक भाग द्रव्य व दहा भाग पाणी असा होतो. म्हणजे एकूण अकरा भाग होतात. त्यानुसार ५०० मिलीच्या फवारणी बाटलीत सुमारे ४५ मिली द्रव्य व उरलेले पाणी घ्यावे. खळबळणीविना धुण्याची काही द्रव्ये १:२५६ या प्रमाणात वापरली जातात. १० लिटर पाण्यास ती सुमारे ४० मिली पुरतात. प्रमाणापेक्षा जास्त द्रव्य घातल्याने स्वच्छता वाढत नाही, उलट पृष्ठभागावर चिकट थर राहतो व तो काढण्यास अधिक पाणी लागते.

कृतीचा क्रम

१. गाडी सावलीत उभी करावी. बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. काचा व विजेच्या गाडीचे चार्जिंगचे झाकण बंद करावे.

२. चाके व त्यांच्या कमानी प्रथम धुवाव्यात. त्यासाठी स्वतंत्र बादली व ब्रश ठेवावा.

३. गाडीवर भरपूर पाणी किंवा फेस सोडून सैल धूळ वाहून जाऊ द्यावी. उच्च दाबाचे यंत्र वापरल्यास नळीचे तोंड सुमारे ३० सेंटिमीटर दूर ठेवावे. रंगाचे टवके, रबरी पट्ट्या व टायरच्या बाजूवर जवळून झोत मारू नये.

४. दोन बादल्यांची पद्धत वापरावी. एका बादलीत शाम्पूचे व दुसऱ्या बादलीत साधे पाणी घ्यावे. एक भाग धुतल्यावर हातमोजा साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावा. बादलीच्या तळाशी जाळी ठेवल्यास खाली बसलेले कण पुन्हा वर येत नाहीत.

५. छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, दारांचा खालचा भाग व शेवटी बंपर असा वरून खाली क्रम ठेवावा. सर्वाधिक खडे खालच्या भागात असतात. हात गोलाकार न फिरवता सरळ रेषेत चालवावा.

६. खळबळून झाल्यावर जाड मायक्रोफायबर फडके पृष्ठभागावर पसरून ओढून घ्यावे.

७. गरजेनुसार लोहकण काढणारा द्रव, नंतर माती व त्यानंतर पॉलिश हा क्रम पाळावा. पॉलिशची प्रथम एका लहान जागी, सर्वांत सौम्य द्रव्य व मऊ पॅड घेऊन चाचणी करावी. तेवढ्याने भागत नसेल तरच अधिक तीव्र द्रव्याकडे वळावे. एका वेळी सुमारे ४० सेंटिमीटर चौरसाचा भाग घ्यावा. कडा व उंचवट्यांवर रंग पातळ असल्याने तेथे यंत्र थांबवू नये.

८. संरक्षक लेप पातळ थरात लावून पुसावा. जाड थराने संरक्षण वाढत नाही.

९. काचा, टायर व बाहेरील प्लॅस्टिक अखेरीस घ्यावे. टायरला पाण्यावर आधारित द्रव केवळ बाजूवर लावावा. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर तो लागल्यास पकड कमी होते.

१०. काम संपल्यावर गाडी हळू चालवून दोन-चार वेळा ब्रेक दाबावा, म्हणजे ब्रेक कोरडे होतात. धुतल्यानंतर डिस्कवर दिसणारी तांबूस छटा हा वरवरचा गंज असून तो गाडी चालवल्यावर निघून जातो.

अंतर्भाग

आतील काम झाडण्या-शोषण्यापासून सुरू करावे. ओला ब्रश आधी फिरवल्यास धुळीचा चिखल होतो. कापडी सीटवर विरल स्वच्छक थेट ओतू नये. ते ब्रशवर घेऊन फेस करावा व लगेच फडक्याने टिपावा. कृत्रिम चामड्यास सौम्य साबणाचे पाणी पुरते. डॅशबोर्डवर तेलकट चमक आणणारे द्रव टाळावेत. त्यांचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडून चालकाच्या दृष्टीस अडथळा होतो. स्टिअरिंग व पेडल यांवर कोणताही चमकद्रव लावणे धोकादायक असते. काळी फिल्म असलेल्या काचांवर अमोनियायुक्त स्वच्छक वापरू नये.

पावसाळ्यात ओल्या मॅट बाहेर काढून वाळवाव्यात. बुरशी आली असल्यास मुखपट्टी लावून ती शोषण्याच्या यंत्राने काढावी, पृष्ठभाग पुसून पूर्ण सुकवावा. ओलाव्याचे कारण, उदाहरणार्थ दाराची फाटलेली रबरी पट्टी, दूर केल्याशिवाय बुरशी परत येते. कुबट वासावर खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी शोषून घेणे हा साधा उपाय आहे.

विशिष्ट डागांवरील उपाय

पक्ष्यांची विष्ठा : ती आम्लधर्मी असते. उन्हाने तापून मऊ झालेल्या रंगावर ती वाळल्यास काही तासांतही खूण उमटू शकते. ओले फडके पाच-दहा मिनिटे ठेवून ती मऊ झाल्यावर उचलून घ्यावी, घासू नये.

बोर्डो मिश्रण : वाळलेले ठिपके कोरडे पुसू नयेत. प्रथम भरपूर पाणी सोडावे व शाम्पूने धुवावे. उरलेला चुन्याचा अंश समप्रमाणात पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने मिनिटभर ओला करून धुऊन टाकावा. विरघळलेले तांब्याचे क्षार उघड्या पडलेल्या पत्र्यावर गंज वाढवतात. त्यामुळे टवके असलेल्या जागी खळबळणी अधिक काळजीने करावी. हेच विरल व्हिनेगर कठीण पाण्याच्या ताज्या कड्यांवरही उपयोगी पडते.

तुडतुड्यांचा चिकटा : कोमट पाणी व शाम्पू यांनी तो विरघळतो. तो साठू न देता आठवड्याच्या आत धुणे इष्ट असते.

हळद-कुंकू : हळदीतील पिवळे रंगद्रव्य सूर्यप्रकाशात विघटित होते, त्यामुळे धुतल्यावर उरलेली फिकट छटा काही दिवसांत आपोआप नाहीशी होते. कृत्रिम रंगाचे कुंकू मात्र पांढऱ्या गाडीवर डाग ठेवू शकते. पूजेपूर्वी मेणाचा थर देणे किंवा स्वस्तिक काचेवर काढणे यांमुळे परंपरा व रंग दोन्ही जपता येतात. झेंडूच्या माळांतील तार रंगाला लागणार नाही हेही पाहावे. रंगपंचमीपूर्वीही मेणाचा थर असाच उपयोगी ठरतो.

प्रचलित समजुती

डिझेल किंवा रॉकेलने पुसल्यास गाडी चमकते, अशी समजूत आहे. ही चमक तेलाच्या पातळ थराची असते. त्यावर धूळ अधिक चिकटते व रबरी पट्ट्या फुगून खराब होतात. टूथपेस्टने दिव्यांची पिवळसर काच स्वच्छ होते हे अंशतः खरे आहे, कारण टूथपेस्टमध्ये अपघर्षक कण असतात. मात्र हे दिवे पॉलिकार्बोनेटचे असतात आणि घासण्याबरोबर त्यांचा अतिनील-रोधक थर निघून जातो. नवा संरक्षक थर न दिल्यास पिवळेपणा लवकरच परततो.

रोज गाडी पुसली की ती नवी राहते, ही समजूत सर्वाधिक रूढ आहे. गृहसंकुलांत रोज सकाळी एकच बादली व एकच फडके घेऊन अनेक गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीवरील वाळूचे कण अशा रीतीने पुढच्या प्रत्येक गाडीवर घासले जातात. पुसणाऱ्याला प्रत्येक गाडीसाठी स्वतंत्र मायक्रोफायबर फडके दिल्यास आणि रोजच्या ऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुण्यास सांगितल्यास त्याचे श्रम व गाडीचा रंग दोन्ही वाचतात.

सुरक्षितता

आम्लयुक्त स्वच्छक व क्लोरीनयुक्त विरंजक एकत्र केल्यास विषारी वायू निर्माण होतो. अशी द्रव्ये एकाच बादलीत किंवा बाटलीत मिसळू नयेत. चाकांसाठी मिळणाऱ्या काही तीव्र स्वच्छकांत फ्लोराइडची आम्लधर्मी संयुगे असतात. ती त्वचेतून आत जाऊन गंभीर इजा करतात, म्हणून घरगुती वापरात ती टाळावीत. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत द्रव्य भरून ठेवणे लहान मुलांच्या दृष्टीने अत्यंत धोक्याचे असते. यंत्राची विजेची जोडणी ओल्या फरशीपासून दूर असावी.

पाण्याचा वापर व गोदावरी

मिनिटाला १२ लिटर पाणी देणारी नळी २० मिनिटे चालू ठेवल्यास २४० लिटर पाणी खर्च होते. दोन बादल्या व मर्यादित खळबळणीत हेच काम सुमारे ६० लिटरमध्ये, तर खळबळणीविना पद्धतीने सुमारे १० लिटरमध्ये होते. ५० गाड्या असलेल्या संकुलात प्रत्येक गाडी आठवड्यातून एकदा धुतली जात असेल, तर नळीऐवजी बादली वापरल्याने आठवड्याला ९,००० लिटर पाणी वाचते. उन्हाळ्यात मागवाव्या लागणाऱ्या एका मोठ्या टँकरइतके हे पाणी भरते. खळबळणीविना पद्धत मात्र हलक्या धुळीपुरतीच योग्य आहे. चिखलाने माखलेल्या गाडीवर तिचा वापर केल्यास ओरखडे पडतात.

वापरलेले पाणी कोठे जाते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारातील पाणी प्रक्रिया न होता नाल्यांत जाते. नाशिकमध्ये नासर्डी ऊर्फ नंदिनी व वाघाडी हे प्रवाह गोदावरीस मिळतात. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी ही नदी शहरात पोचते तेव्हा तिच्या प्रवासाचा नुकताच आरंभ झालेला असतो. येथे मिसळलेले तेल, फेस व धातूचे क्षार खालच्या गावांपर्यंत जातात. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे जनहित याचिकेद्वारे गेलेला असून नदीपात्रात वाहने धुण्यास मनाई आहे. सिंहस्थ कुंभमेळ्यात लाखो भाविक याच पाण्यात स्नान करतात.

यासाठी सौम्य, विघटनशील शाम्पू निवडणे, गाडी पावसाळी गटाराच्या तोंडाशी न धुता मुरमाड किंवा मातीच्या जागेवर धुणे, इंजिनावरील तेल पाण्याने न धुता फडक्याने पुसून घेणे आणि लोहकण काढणाऱ्या द्रवाचे पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत सोडणे हे उपाय सुचवले जातात.

वार्षिक वेळापत्रक

नाशिकच्या ऋतुमानानुसार मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळ्यापूर्वी, माती फिरवून सीलंट देणे आणि रबरी पट्ट्या तपासणे योग्य ठरते. पावसाळ्यात चाकांच्या कमानी व खालच्या कडा वारंवार धुऊन अंतर्भाग कोरडा ठेवावा. दसऱ्याच्या सुमारास लोहकण काढून संरक्षक लेपाची दुसरी फेरी पूर्ण करता येते. हिवाळा व उन्हाळ्यात कोरडे पुसणे टाळून सकाळी किंवा सायंकाळी, सावलीत धुण्यावर भर द्यावा. पॉलिशला वेळापत्रकात ठरावीक स्थान नसते. ओरखडे डोळ्यांना खुपतील तेव्हाच आणि तेवढ्याच भागावर ते करावे.